चष्म्याचा खर्च कोणी सोसायचा?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव ही नावे आपल्या घरात रोज सकाळी डबा भरताना निघतात. फौंड्रीच्या कामाने कोल्हापूरचे नाव झाले. पण ओतलेल्या मालाला चिकटलेली वाळू काढताना जी धूळ उडते, तिने सिलिकोसिस होतो. आणि तो रोग बरा होत नाही.

आमच्याच घरचे सांगते. यजमानांच्या डोळ्यात ग्राइंडिंगचा कण गेला. मालक तसा भला माणूस. म्हणाला, "वहिनी, चष्मे, धूळ ओढणारी यंत्रे घेतली की माझा किलोचा दर वाढतो, आणि काम शेजारचा नेतो." मला संताप आला, पण हिशेब खोटा नव्हता.

१९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली, तेव्हाच कामगारांना सुरक्षिततेचे शिक्षण देणे मालकाकडे आले. लहान मालकाला ते परवडत नाही, म्हणून सरकारी मदत हवी. केंद्र सरकारच्या 'झेड' योजनेत २०२२ पासून प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लहानांना ६० टक्के सवलत मिळू लागली. ब्राँझच्या पहिल्या पायरीलाच कामाच्या जागेची सुरक्षितता पाहतात. मात्र प्रमाणपत्र भिंतीवर आणि चष्मा कपाटात, असेही घडू शकते हो! म्हणून पैसा आधी कामगारांच्या शिक्षणावर जावा, आणि माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी दरात चष्म्याचा खर्च धरावा. नाहीतर माणसे जपणाराच धंद्यातून उठतो.

पुढल्या महिन्यात यासाठी मंडळात एक दुपार ठेवू या. यजमान येऊन बोलतील. त्यांना आता एकाच डोळ्याने दिसते.