कापडाचा काठ



वसंतातल्या व्याख्यानांत श्रोते मोठ्या विषयाची अपेक्षा करतात. मी मात्र शिंप्याच्या कात्रीखालून जमिनीवर पडणाऱ्या पट्टीविषयी बोलणार आहे. कापड बेतताना त्याचा काठ कापून काढतात आणि तो चिंध्यांबरोबर केरात जातो. तो खरोखर टाकाऊ आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

मागावर धोटा एका कडेहून दुसऱ्या कडेला जातो आणि आडवा धागा कडेशी वळून परत येतो. म्हणून तेथे सूत सुटत नाही. उभे धागेही तेथे दाट असतात. म्हणजे कापडाचा चिवट भागच आपण आधी फेकतो. शिंप्याची बाजूही ऐकली पाहिजे. धुतल्यावर काठ अधिक आटतो आणि शिवण गोळा होते, म्हणून तो काठ काढतो. तेव्हा काठ आधी भिजवून, वाळवून मगच कामाला घ्यावा. धोट्याविना चालणाऱ्या नव्या मागांवर आडवा धागा कडेला कापला जातो. तसली झालरीची कड दुमडून शिवावी लागते.

आपल्या अंबड तालुक्यात कापूस शेतात पिकतो. अंतरवाली सराटीसारख्या गावांतल्या आयाबायांना कापडाची ही पारख पुस्तकावाचून होती. नऊवारी लुगडे मध्ये विरते, पण काठ शाबूत राहतो. मग विरलेला भाग काढून उरलेल्याला दांड घालायची. तेही जीर्ण झाले की त्याची वाकळ व्हायची : आत जुनेर, वर निवडक तुकडे, कडेला लुगड्याचा काठ, आणि सगळ्यावरून धावदोरा. गाडगेमहाराजांना लोक गोधडेमहाराज म्हणत, तेही ठिगळांच्या वस्त्रामुळेच.

आज शिंप्याकडच्या काठांतून काय होईल? लांब पट्ट्या कुंचीला आणि झबल्याला बंद म्हणून चालतात, पिशवीला नाडी होते. तीन पट्ट्यांची वेणी घालून ती गोल गुंडाळीत टाचली की बसायला आसन, लहान केली की डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ. रंगीत काठ शेजारी शेजारी शिवले की बटवा किंवा पोळ्याला बैलाची झूल सजते. सुती काठात नायलॉनचा काठ मात्र मिसळू नये. दोन्ही सारखे आटत नाहीत.

आता खरी गोष्ट सांगतो. चिंधी फुकट मिळते म्हणून तिच्यावरचे कामही फुकट, असा हिशेब आपण घरोघर करीत आलो. वाकळीसाठी दुपारमागून दुपार टाके घालणाऱ्या बाईला आपण “रिकामी बसली आहे” असे म्हटले. शहरात हाताची गोधडी किंमत देऊन विकत घेतात, तेव्हा ती किंमत चिंधीची नसते, टाक्यांची असते. बचतगटांनी विक्रीचा भाव ठरविताना कापडाबरोबर हातांचे दिवसही मोजावेत.

उद्या शिंप्याला सांगा की काठ वेगळे ठेवा. आणि घरात जी कोणी ते जोडील, तिच्या दिवसांचा हिशेब वहीत लिहा.