यादीत आपल्याला काय म्हटलंय?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही नवी मुंबईतल्या एका गावातल्या बायका. हो, नवी मुंबईत अजून गावं आहेत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, इमारतींच्या मधोमध आमची गावठाणं राहिली. घराघरांत ट्रंकेत जुने फोटो, सातबारे, नोटिसा, मोर्चाची पत्रकं पडून होती. वाळवी लागायच्या आत ती गोळा करावी, वहीत त्यांची यादी करावी, असं आम्ही ठरवलं. पुढे कोणी काही शोधायला आलं, तर आधी यादीच बघणार. पण यादीत शब्द कोणता लिहायचा, इथेच आमचं घोडं अडलं. आज तेच सांगायचं आहे.

पहिली चूक आमचीच. एका फोटोत चार बायका मिठागरावर उभ्या, डोक्यावर टोपल्या. मागे काही लिहिलेलं नव्हतं. आम्ही लिहिलं, ‘मजूर स्त्रिया, अनोळखी’. बैठकीत यादी वाचली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "अनोलखी कोनाला गो? ही माजी आय हाय." त्यांनी चौघींची नावं सांगितली. दोघी मजुरीला जात आणि दोघी घरच्याच आगरावर राबत, हेही सांगितलं. आजी चार घरं सोडून राहतात, पण आम्ही विचारायलाच गेलो नव्हतो. आता आम्ही ‘अनोळखी’ लिहीत नाही. ‘नाव अजून कळलेलं नाही’ असं लिहितो, म्हणजे शोध चालू राहतो.

मग बाकीची यादी तपासली. पुरुषांची पूर्ण नावं होती आणि बाईपुढे ‘अमक्याची बायको’. काय काम करते, तर ‘गृहिणी’. भात लावणारी, पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकणारी, सगळ्या गृहिणी! मैत्रिणींनो, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. ते व्हायला इतकी वर्षं लागली. निदान आपल्या वहीत तरी बाईचं नाव आणि तिचं काम नीट लिहायला काय हरकत आहे?

शब्द कोणाच्या बाजूने उभा आहे, तेही बघावं लागतं. आमच्याकडे घरं पाडण्याच्या नोटिसा आहेत. त्यांत ‘अनधिकृत बांधकाम’ असतं. कुटुंब वाढलं, जमीन उरली नाही, म्हणून गावकऱ्यांनी बांधलं ते ‘गरजेपोटी बांधलेलं घर’. घर एकच आहे. आम्ही दोन्ही शब्द लिहितो आणि कोणता शब्द कोणाचा, तेही लिहितो. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या लढ्यात जमिनीचा योग्य मोबदला मागणारे पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्याच्या कागदाला ‘दंगल’ असं नाव दिलं, तर पन्नास वर्षांनी नात ते वाचून काय समजेल? आम्ही लिहिलं, ‘शेतकऱ्यांचं आंदोलन आणि पोलीस गोळीबार’. जे घडलं तेच लिहिलं, त्यात ना शिवी ना आरती.

सगळ्यात नाजूक प्रश्न जातीचा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आता समता नगर, भीम नगर अशी नावं आली. पण जुन्या कागदावर जुनंच नाव आहे. ते खोडायचं का? नाही. खोडलं तर अन्याय झालाच नाही असं वाटेल आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला काही सापडणारही नाही. म्हणून वर आजचं नाव लिहायचं आणि खाली ‘मूळ कागदात असा उल्लेख आहे’ म्हणून जुनं नाव अवतरणात ठेवायचं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं होतं. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, त्या जमाती विमुक्त झाल्या. मग आज यादी करताना त्यांना ‘गुन्हेगार जमाती’ म्हणणारे आपण कोण? तो शब्द त्या काळच्या सरकारचा होता, एवढं नोंदवायचं आणि मथळ्यात ‘विमुक्त’ लिहायचं.

आणि गोड शब्द म्हणजे चांगला शब्द, असंही नाही. २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं अशी सूचना सरकारातून पुढे आली, तेव्हा कितीतरी बायकांनी विरोध केला. आमच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "नवरा गेला हे माझ्या कपाळावर लिहून ठेवायला हवंच का?" बरोबर आहे. पेन्शनच्या अर्जाच्या नोंदीत ते लागतं, पण फोटोखाली कशाला? जिथे गरज आहे तिथेच लिहावं, आणि ‘एकल महिला’ की आणखी काही, ते तिलाच विचारावं.

तर मैत्रिणींनो, आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आता चार गोष्टी आहेत. माणसाला त्याचं नाव विचारा. समाजाला तो स्वतःला काय म्हणवतो ते विचारा. जुना शब्द खोडू नका, पण आपला म्हणून वापरूही नका. आणि नोंद कोणी, कधी केली ते लिहा, म्हणजे चुकलं तर पुढची बाई दुरुस्त करील.

तुमच्या गटाकडेही नोंदवही असेल, सभांचे फोटो असतील. पुढच्या बैठकीत एक जुना फोटो आणा. त्याखाली काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या समोर बसलेल्या असतील, तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. शब्द बदलायचा की नाही, ते तिथेच कळेल.