चाकं बदलली, म्हणून गिअरबॉक्सही माझाच?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालात, गाड्यांवर काहीतरी बोला. दहा मिनिटं. उपदेश नको, अनुभव सांगा." अनुभव सांगायचा म्हणजे स्वतःची फजिती सांगावी लागते. तर सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटरी, लुना आणि सायकली होत्या. चारचाकी फक्त दोन. आज रात्री नऊनंतर आलं तर गाडी लावायला जागा मिळत नाही. काल संध्याकाळी मी सहज मोजलं. सव्वीस गाड्या उभ्या होत्या, आणि त्यातल्या अकरा गाड्यांना बाहेरून घेतलेली अलॉय चाकं. म्हणजे माझी गोष्ट अकरा घरांच्या कामाची आहे.

तीन वर्षांपूर्वी मी गाडी घेतली. रिटायरमेंटचा पैसा होता आणि कारणही होतं. आमच्या सौ.ना डोळ्याच्या इंजेक्शनसाठी दर महिन्याला नागपूरला न्यावं लागायचं. सात महिन्यांनी मुलगा दिवाळीला आला. म्हणाला, "बाबा, ही लोखंडी चाकं काय बैलगाडीसारखी दिसतात!" दुसऱ्या दिवशी बापलेक दुकानात. पंधरा इंचाची चाकं काढली, सोळा इंचाची अलॉय लावली. एसटीत जन्म गेला माझा, पण दुकानदाराला 'ऑफसेट किती' हे विचारायचं सुचलं नाही. चकाकीच अशी होती राजेहो.

जुनी चारही चाकं मी गच्चीवर जिन्याच्या खोलीत ठेवली. ती हलवा म्हणून सोसायटीची दोनदा नोटीस आली, हे आपल्याला आठवत असेल. मी हलवली नाहीत. त्याबद्दल आज जाहीर माफी मागतो, आणि ती न हलवल्याचा फायदा काय झाला तेही सांगतो.

एकोणीस हजार किलोमीटरवर दोन तक्रारी सुरू झाल्या. एक, दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना खरखर. दोन, साठच्या पुढं गेलं की पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज. वॉरंटी तीन वर्षांची होती. सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. तिथल्या पोरानं गाडीखाली वाकून पाहिलंसुद्धा नाही. चाकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "काका, बाहेरची चाकं लावली ना? वॉरंटी रद्द." गिअरबॉक्स आणि बेअरिंग मिळून अडुसष्ट हजारांचा अंदाज सांगितला.

मी मान खाली घालून घरी आलो. चूक आपली, असंच वाटलं. सौ. शाळेत क्लार्क होत्या. त्यांनी एकच विचारलं, "कागद कुठे आहे?" म्हटलं, कागद नाही, तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोंडी नाही म्हटलं, त्याला नाही म्हणत नाहीत."

तिथून खरी सुरुवात झाली.

बी विंगमधल्या आपल्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी वॉरंटीचं पुस्तक आणायला लावलं. मंडळी, आपण ते पुस्तक डिकीत टाकतो आणि विसरतो. त्यात लिहिलं होतं की, बाहेरच्या सुट्या भागामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही. 'मुळे' हा शब्द महत्त्वाचा. बाहेरचा भाग लावला की सगळी वॉरंटी गेली, असं त्यात नव्हतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. मूळ वाद सुटे भाग आणि बाहेरच्या गॅरेजांचा होता. त्या आदेशात असंही आहे की, ग्राहकानं बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या, आणि आदेश दुरुस्तीबद्दलचा आहे, चाकांबद्दलचा नाही. म्हणून तो कागद दाखवला की काम झालं, असं समजू नका. पण त्यातलं तत्त्व साध्या माणसालाही पटण्यासारखं आहे. ज्यानं जे बिघडवलं, ते त्याच्या पदरात.

मग मी स्वतःच्या गाडीचा पंचनामा केला. जुनी चाकं गच्चीवरून उतरवली, गाडीला लावली आणि कळंबपर्यंत जाऊन आलो. गिअरची खरखर तशीच! चाकाचा घूं आवाजही तसाच.

आता खरं काय ते सांगतो. घूं आवाज माझ्या पापाचा होता. नव्या चाकांचा ऑफसेट वेगळा असल्यामुळे चाक बाहेर आलं होतं. खांद्यावरच्या काठीला घागर जवळ अडकवली तर हलकी वाटते, टोकाला अडकवली तर खांदा मोडतो. बेअरिंगचं तसंच होतं. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्यात भर घालतात. एकदा बेअरिंग खराब झालं की जुनं चाक लावून ते बरं होत नाही.

गिअरची गोष्ट मात्र निराळी. गिअरबॉक्सच्या आत सिंक्रोनायझर रिंग असते. फिरणाऱ्या गिअरचा वेग जुळवून देणं हे तिचं काम. तिच्यात दोष असला की गिअर पडताना खरखरतो. चाकाच्या ऑफसेटचा तिच्याशी संबंध नाही. टायरच्या मापाचा म्हणाल, तर तोही हिशेब केला. जुना टायर १८५/६५ आर १५, उंची ६२१ मिलिमीटरच्या आसपास. नवा २०५/५५ आर १६, उंची ६३२. फरक जेमतेम एक सेंटीमीटर. अहो, नवा टायर झिजून टाकायला येईपर्यंत त्याची उंचीही साधारण तेवढीच कमी होते! मग झिजलेल्या टायरनंही गिअरबॉक्स बिघडतो म्हणायचं का?

हे सगळं दोन पानांत लिहिलं. बेअरिंगचा खर्च माझा, हे पहिल्याच परिच्छेदात मान्य केलं. वकीलबाई म्हणाल्या, "हे लिहू नका." मी म्हटलं, खरं आहे ते लिहितो, म्हणजे पुढचंही खरं वाटेल. शेवटी एकच मागणी केली. गिअरबॉक्सचा बिघाड चाकांमुळे कसा झाला, ते लेखी कळवा. रजिस्टर पोस्टानं एक प्रत सर्व्हिस सेंटरला, एक कंपनीला.

पाच आठवडे गाडी उभी होती. इंजेक्शनची तारीख काही थांबत नाही. त्या महिन्यात सौ.ना मी एसटीनं नेलं. ज्या एसटीला मी अडतीस वर्षं नट आवळले, तिनंच शेवटी साथ दिली. पण येताना डोळ्याला पट्टी, गाडीत गर्दी, आणि त्या माझा हात धरून उभ्या. पुढं एका पोट्ट्यानं उठून जागा दिली. चाकांच्या चकाकीची किंमत मला त्या दिवशी कळली.

सहाव्या आठवड्यात फोन आला. गिअरबॉक्स उघडला होता, रिंग सदोष निघाली होती. ती वॉरंटीत बदलून मिळाली. दोन्ही बेअरिंगचे पैसे मी भरले, कुरकुर न करता.

आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. पण आली असती तर वाट माहीत करून ठेवली होती. ती तुम्हालाही माहीत असावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथं राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शोरूम नागपूरचं असलं तरी यवतमाळात चालतं. मुदत दोन वर्षांची. मोजायचं ते नवं गाडी घेताना दिलेल्या रकमेवर. पाच लाखांपर्यंत फी नाही, त्यापुढं दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहावा. मात्र 'नवी गाडीच द्या' असा हट्ट धरू नका. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल, तर तेवढंच मागता येतं.

जाता जाता तरुण मंडळींना चार गोष्टी. चाकं बदलायची तर ऑफसेट आणि माप विचारा, पक्कं बिल घ्या. जुनी चाकं भंगारात देऊ नका. सर्व्हिस सेंटरला तक्रार तुमच्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्या आणि प्रत मागा. आणि कोणी 'वॉरंटी रद्द' म्हणालं, तर आवाज चढवू नका. शांतपणे म्हणा, "कोणत्या भागामुळे काय बिघडलं, ते लिहून द्या."

सचिवसाहेब, माझी अलॉय चाकं आता त्याच जिन्याच्या खोलीत आहेत. नोटीस काढायच्या आधीच सांगतो, या महिन्यात हलवतो.

आपल्या सोसायटीला आणि आपल्या सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.