आमचा ढब्बू आणि खाऱ्या पाण्याची टाकी
(रौप्यमहोत्सवी छंद-प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



समितीने मला आमच्या ढब्बूबद्दल बोलायला सांगितलं, त्याबद्दल आभार. तळमजल्यावरच्या आमच्या घरात हा मासा राहतो, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तो समुद्रातला पफर. कोकणात या कुळातल्या माशांना केंड म्हणतात. अंगावर काळे ठिपके आणि तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, म्हणून याचं नाव डॉगफेस पफर. तो मला ओळखतो. जेवणाची वेळ झाली की काचेपाशी येऊन डोलत राहतो.

‘काका, त्याला फुगवून दाखवा ना!’ ही मुलांची नेहमीची मागणी. बाळांनो, तो घाबरला की भराभर पाणी गिळून फुगतो. तो त्याचा खेळ नाही. पाण्याबाहेर काढला तर हवा गिळतो आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून काचेवर टकटक करायची नाही आणि टाकीत हातही घालायचा नाही.

हात का नाही, तर त्याचे दात. वर दोन, खाली दोन, चोचीसारखे, आणि ते जन्मभर वाढतात. कवचासकट शिंपले, सालासकट कोळंबी दिली तरच ते झिजतात. नुसतं मऊ खाणं दिलं तर दात इतके वाढतात की मासा उपाशी मरतो. आणखी एक गोष्ट: या कुळातल्या अनेक माशांच्या यकृतात आणि अंड्यांत जहाल विष असतं, त्यावर उतारा नाही. कॅप्टन कुक १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनियात अशा माशाचं यकृत नुसतं चाखून आजारी पडला होता. तेव्हा केंड बघायचा, खायचा नाही.

आता मोठ्यांसाठी. सर्वसाधारण सभेत एका वहिनींनी विचारलं होतं, ‘आपण टँकरची वाट बघतो आणि तुम्ही माशाला पाणी घालता?’ प्रश्न रास्त आहे. त्याचा हिशोब सगळ्यांसमोर मांडतो.

टाकी ५०० लिटरची. पाणी जायकवाडीचं, आरओमधून काढलेलं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम प्रमाणे समुद्री मीठ घालावं लागतं, म्हणजे एका भरणीला साडेसतरा किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. दर पंधरा दिवसांनी ५० लिटर पाणी बदलतो. ते काढताना आरओमधून शंभर-दीडशे लिटर बाहेर पडतं. त्यात आमची फरशी आणि संडास धुतले जातात. ज्या आठवड्यात टँकर येतो, त्या आठवड्यात पाणी बदलत नाही. खाणं कमी करतो, म्हणजे घाण कमी होते. उडालेल्या पाण्याच्या जागी साधंच पाणी घालायचं, कारण मीठ उडत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि ढब्बूला हवं २४ ते २७ अंश. म्हणून चिलर लागतो, वीजबिल येतं. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लागतो. आम्ही गावाला गेलो की समोरचे काका-काकू चावी घेऊन त्याला बघतात. त्यांच्याशिवाय हा छंद एक महिनाही चालला नसता.

प्रदर्शन बघून चार-पाच घरांत ‘आपणही आणू’ असा हट्ट सुरू झालाय, असं कानावर आलं. त्यांना माझं स्पष्ट सांगणं: घाई करू नका. ५०० लिटर म्हणजे नुसतं पाणीच अर्धा टन. वरच्या मजल्यावर ठेवायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, समितीला कळवा. टाकी भरल्यावरही चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू तोवर तयार होतात. हा मासा बहुतेक वेळा समुद्रातून पकडूनच आणलेला असतो. तो दहा वर्षांहून जास्त जगू शकतो आणि फूटभर वाढतो. कंटाळा आला म्हणून सलीम अली सरोवरात सोडला तर गोड्या पाण्यात तो मरेल. समुद्र इथून सव्वातीनशे किलोमीटरवर आहे.

तेव्हा ज्यांना हौस आहे, त्यांनी आधी वर्षभर साध्या पाण्यातल्या गप्पी सांभाळा. रोजचं काम अंगवळणी पडलं, तर मीठ कसं मोजायचं ते मी स्वतः शिकवीन. तोवर ढब्बू सगळ्यांचाच आहे. रविवारी सकाळी दहाला त्याचं जेवण असतं, दार उघडं आहे.

आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.