टांकसाळ कोणासाठी?

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



मोगल अमदानीत या शहरात टांकसाळ होती. येथे पाडलेल्या नाण्यांवर ‘औरंगाबाद’ व पुढे ‘खुजिस्ता बुनियाद’ अशी नावे आढळतात. नाणे पाडणे हा राजसत्तेचा हक्क. परंतु त्याचे मोल बाजारात ठरते, आणि तेथे दुबळ्याची गाठ सराफाशी पडते.

मराठवाड्याने हे सोसले आहे. निजामी राजवटीत येथे हाली शिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. साधारणतः सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत. म्हणजे शंभराला ११६ रुपये १० आणे ८ पै. दोन नाण्यांचे भाव भिन्न असणे हा अन्याय नव्हे. पण बदलताना बट्टा कापला जाई, आणि तो ज्याला हिशेब येत नसे त्याच्याच माथी बसे. १९४८ साली संस्थान मुक्त झाले, पुढे हाली शिक्का चलनातून गेला आणि एकच राष्ट्रीय नाणे उरले. ही मुक्तीही लहान नव्हती.

आज मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथे टांकसाळी आहेत. २००६ पासून त्या सरकारी महामंडळाकडे आहेत. तेथे पदके व स्मारक नाणीही घडतात आणि संग्राहक ती दर्शनी किमतीहून अधिक देऊन घेतात. त्याला हरकत नाही. मात्र महामंडळ म्हटले की नफ्यातोट्याची भाषा येते. २०१८ साली माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार मुंबईत एक रुपयाचे नाणे पाडण्यास १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. हा तोटा मानावा काय? ते नाणे वर्षानुवर्षे हातोहात फिरते. रस्त्याप्रमाणे तीही सार्वजनिक सेवाच होय.

पण ही सेवा शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि सर्व वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने २०१८ साली केला. २०११ च्या कायद्यानुसार रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यास चालतात. तरीही अफवांपायी अनेक ठिकाणी ती नाकारली गेली. भाजीवालीच्या गल्ल्यात अडकलेले दहाचे नाणे हा तिच्यापुरता नवा बट्टाच.

म्हणून कार्यकर्त्यांनी बाजारात नियम समजावून सांगावा आणि बँकांनी नाणी विनातक्रार स्वीकारावीत असा आग्रह धरावा. टांकसाळीची खरी कसोटी संग्राहकाच्या मखमली पेटीत लागत नाही. ती मजुराच्या मुठीत लागते.