दारातला पाला, आपला पेला

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आमच्या बचत गटातल्या अकरा जणी आम्ही पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं चालायला जातो. परत आलो की देवळाच्या सभामंडपात सूर्यनमस्कार घालतो. सुरुवातीला लोक म्हणायचे, "दिवसभर रानात राबता, वेगळा व्यायाम कशाला?" पण खुरपताना वाकलेली कंबर सरळ करायलाही वेळ द्यावा लागतो, हे आता आम्हाला पटलंय.

एका सकाळी सूर्यनमस्कार घालताना आमच्यातल्या एक ताई घेरी येऊन खाली बसल्या. रात्री उरलेली अर्धी भाकरी आणि सकाळी नुसता चहा, एवढंच पोटात. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! बाईमाणसाचं बारा तरी हवं. मग आम्ही सगळ्यांनीच तपासून घेतलं. सात जणी बाराच्या खाली निघालो. व्यायाम करतो म्हणजे आपण धडधाकट, हा भ्रम त्या दिवशी गेला.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्याबरोबर व्यायामानंतरचा चहा बदलायचं आम्ही ठरवलं. मोबाईलवर हिरव्या स्मूदी पाहिल्या. त्यातली पानं आपल्या बाजारात मिळेनात, आणि डब्यातली पावडर परवडेना. बांधावर शेवगा तर उभाच होता! पण पहिल्या दिवशी आम्ही देठांसकट भरमसाट कच्चा पाला वाटला. कडूजहर झालं आणि दोघींचं पोट बिघडलं. चुकत चुकत जमलेली रीत आता सांगतो.

दोन पेल्यांसाठी शेवग्याचा कोवळा पाला एक छोटी मूठ घ्या. देठ काढून टाका. पाला तीन पाण्यांतून धुवा आणि दोन मिनिटं वाफवा, म्हणजे कडवटपणा कमी होतो. मूठभर कोथिंबीर, पुदिन्याची आठ-दहा पानं आणि आल्याचा लहान तुकडाही धुऊन घ्या. आधी हा पाला थोड्या पाण्यात बारीक वाटा. मग एक पिकलेला पेरू किंवा केळं आणि दीड पेला पाणी घालून पुन्हा फिरवा. शेवटी अर्धं लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मीठ. लाईट नसेल तर पाट्यावर वाटा, फळ हातानं कुस्करा. गाळू मात्र नका, चोथ्यातही सत्त्व असतं. केलं की लगेच प्या, दुपारपर्यंत ठेवू नका.

लिंबू विसरू नका. पाल्यातलं लोह अंगी लागायला आंबट फळ मदत करतं, आणि चहा नेमका आड येतो. म्हणून चहा तासाभरानं घ्या. लोहाची गोळीसुद्धा चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका.

नुसत्या पेल्यानं भागत नाही. व्यायामानंतर स्नायूंना प्रथिनं लागतात. सोबत मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे चावून खा, आणि नंतर नेहमीची न्याहारी कराच.

काही जणींनी जपायला हवं. साखरेचा आजार असेल तर केळं टाळा, पेरूही अर्धाच घाला. शेवग्याऐवजी पालक घेणार असाल आणि मुतखड्याचा त्रास असेल, तर पालक नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हा पेला म्हणजे औषध नव्हे. त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका.

आता खरी अडचण सांगतो. पेला तयार झाला की आमच्यातल्या निम्म्या जणी तो झाकून घरी न्यायच्या. "पोराला देते", "ह्यांना देते." घेरी आलेल्या त्या ताईंनीही तेच केलं! शेवटी गटात नियम केला: आपला पेला सभामंडपातच, सगळ्यांसमोर संपवायचा. घरच्यांसाठी हवा तर घरी वेगळा करायचा. पहिले काही दिवस घास घशात अडकल्यासारखं वाटलं. घरच्यांच्या आधी आपण खाणं-पिणं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

तीन महिन्यांनी त्या ताईंचं हिमोग्लोबिन साडेदहा झालं. ते गोळ्यांनी वाढलं, खाण्यानं वाढलं, आणि आपल्या वाट्याचं आपण खायचं हे ठरवल्यानंही वाढलं.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात दोन कामं करा. रक्त तपासून घ्या, आणि शेवग्याची एक जाडसर फांदी परसात रोवा. ती सहज जगते. पाला फुटला की पहिला पेला कुणाचा, हे आता सांगायला नको.