स्त्रास्बूरचे दोन मित्र
(हीरकमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



१९२३ साली सतरा वर्षांचा एक ज्यू तरुण लिथुआनियातील कौनास हे आपले शहर सोडून फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्त्रास्बूरच्या विद्यापीठात दाखल झाला. त्याचे नाव इमॅन्युएल लेव्हिनास. विसाव्या शतकातील थोर तत्त्वचिंतकांत पुढे त्यांची गणना झाली. वडिलांचे पुस्तकांचे दुकान होते. हिब्रू बायबल आणि पुश्किन, टॉलस्टॉय, दस्तयेव्हस्की यांचे साहित्य यांवर मुलाचे मन पोसले होते. फ्रेंच भाषा मात्र त्यांना विद्यापीठात आल्यावरच आत्मसात करावी लागली. घरच्या भाषेतून परक्या भाषेच्या विद्यापीठात पाऊल टाकताना मनाची जी अवस्था होते, ती या सभागृहातील पुष्कळांच्या परिचयाची आहे.

स्त्रास्बूरमध्ये त्यांना मोरिस प्राडीन यांच्यासारखे अध्यापक लाभले. नीतीचे स्थान राजकारणाहून वरचे आहे, हे समजावताना प्राडीन द्रेफ्यूस प्रकरणाचा दाखला देत. फ्रेंच सैन्यातील या ज्यू अधिकाऱ्यावर १८९४ मध्ये देशद्रोहाचा खोटा आरोप सिद्ध ठरवला गेला आणि दीर्घ लढ्यानंतर १९०६ मध्ये तो निर्दोष ठरला. एका निरपराध माणसासाठी अवघे राष्ट्र स्वतःशीच झगडले, ही गोष्ट पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू विद्यार्थ्याच्या मनावर कायमची कोरली गेली.

याच विद्यापीठात त्यांची मोरिस ब्लांशो यांच्याशी गाठ पडली. ब्लांशो वयाने थोडे लहान, जातिवंत फ्रेंच, आणि त्या काळी राजेशाहीकडे ओढा असलेले. एक स्थलांतरित, दुसरा उजव्या विचारांचा राष्ट्रवादी. दोघांत राजकीय मतैक्य नव्हते, तरीही मैत्री जडली. ब्लांशो यांनी मित्राला प्रूस्त आणि व्हॅलेरी यांच्या साहित्याची गोडी लावली. लेव्हिनास यांनी त्यांना फिनॉमेनॉलॉजीची, म्हणजे वस्तू अनुभवाला जशी प्रतीत होते तसे तिचे काटेकोर वर्णन करणाऱ्या विचारपद्धतीची, ओळख करून दिली.

या विचारपद्धतीचे प्रवर्तक एडमुंड हुसेर्ल जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे होते. १९२८ मध्ये लेव्हिनास तेथे गेले आणि हुसेर्ल यांच्या पत्नीला फ्रेंच शिकवण्याचे कामही त्यांनी केले. परंतु त्यांना खरी भुरळ घातली ती हुसेर्ल यांच्या जागी आलेल्या मार्टिन हायडेगर यांनी. १९२९ च्या वसंतात दाव्होस येथे हायडेगर आणि ज्यू तत्त्वज्ञ एर्न्स्ट कॅसिरर यांचा गाजलेला वाद झाला. त्यानंतर विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रहसनात लेव्हिनास यांनी केसांना पांढरी पूड फासून कॅसिरर यांची नक्कल केली. पुढे या थट्टेचा त्यांना मनस्वी पश्चात्ताप झाला. कारण १९३३ मध्ये हायडेगर नाझी पक्षाचे सभासद झाले. ज्यांच्या बुद्धीपुढे शिष्य नतमस्तक झाला होता, त्या गुरूची प्रज्ञा विवेकाच्या कसोटीला उतरली नाही.

त्या दशकात ब्लांशोही ज्या उजव्या नियतकालिकांत लिहीत होते, त्यांच्या वर्तुळात ज्यूद्वेष सर्रास आढळत असे. पण कसोटीची घडी आली तेव्हा ते कोठे उभे राहिले? १९४० मध्ये फ्रेंच सैन्यात असलेले लेव्हिनास जर्मनांच्या हाती पडले आणि युद्धकैदी म्हणून पाच वर्षे छावणीत राहिले. इकडे पॅरिसमध्ये ज्यूंची धरपकड सुरू झाली. ब्लांशो यांनी मित्राची पत्नी राइसा हिला आपल्या घरात आसरा दिला. पुढे कॅथलिक जोगिणींच्या मठात आश्रय मिळाल्याने ती आणि तिची मुलगी या संकटातून वाचल्या. लिथुआनियात मात्र लेव्हिनास यांचे आईवडील आणि दोघे भाऊ मारले गेले.

समोरच्या माणसाचा चेहराच आपल्याला ‘मला मारू नकोस’ असे विनवतो आणि त्या विनवणीपासूनच सर्व तत्त्वज्ञानाचा आरंभ होतो, हा लेव्हिनास यांच्या विचाराचा गाभा. १९६१ च्या ‘समग्रता आणि अनंतता’ या ग्रंथात तो विस्ताराने आला. तो केवळ अभ्यासिकेत बसून सुचलेला नाही. त्यामागे ही दोन दशके उभी आहेत.

युद्धानंतर या तत्त्वज्ञाने पॅरिसमधील एका ज्यू अध्यापक-विद्यालयाचे संचालकपद स्वीकारले आणि शाळेच्याच इमारतीत सहकुटुंब राहून अनेक वर्षे मुले घडवली. विद्यापीठात मोठे नाव होण्यापूर्वी त्यांनी हजेरी, वसतिगृह आणि मुलांच्या तक्रारी सांभाळल्या, ही गोष्ट कोणत्याही शाळेला आपली वाटावी.

पालकहो, उच्च शिक्षणासाठी दूर जाणाऱ्या मुलाला आपण विचारतो, अध्यापक कोण आहेत, निकाल कसा लागतो, नोकरी कोठे मिळेल. हे प्रश्न रास्तच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न असावा: तुझ्यापेक्षा वेगळे मत असलेला कोणी मित्र तुला भेटला का? तशा एका मित्राने दार उघडले, म्हणून स्त्रास्बूरच्या त्या विद्यार्थ्याचा संसार युद्धानंतर पुन्हा उभा राहू शकला.